बारा फुटांवरचा कॉम्प्युटर लागत नाही म्हणजे काय!

काल रात्री साडेदहा ते दीड. तीन तास वाया. हॉलमधल्या लॅपटॉपवरून आतल्या खोलीतला डेस्कटॉप उघडायचा होता, बस. मुलुंडचा वन-बीएचके, मध्ये एक भिंत, अंतर फार तर बारा फूट. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ते आत झोपतात, त्यांच्यासमोर रात्री लाइट नि स्क्रीन नको. इकडे २० तारीख तोंडावर, जीएसटीआर-३बी (जीएसटीची रिटर्न्स) भरायचेत आणि सगळ्या पार्ट्यांचा डेटा त्या डेस्कटॉपवर. म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्याची स्क्रीन चालवायची.

डेस्कटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाकला, कनेक्ट दाबलं. बराच वेळ घेऊन मेसेज आला: रिमोट अ‍ॅक्सेस चालू नसेल, नाहीतर कॉम्प्युटर बंद असेल, नाहीतर नेटवर्कवर नसेल. अरे, नसेल-नसेल काय लावलंय! अ‍ॅक्सेस मी माझ्या हाताने चालू केलाय. कॉम्प्युटर चालू आहे, त्याच्या पंख्याची घरघर हॉलपर्यंत येतेय. नेटवर्कवर नाही म्हणावं तर त्याच्यावर इंटरनेट धडधडीत चालतंय! पिंग मारला, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल तपासली, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट मोकळा. स्लीप बंद केलं. दर वेळी अंधारात अनवाणी आत जायचं, बाबा कूस बदलून म्हणणार, "झोप रे आता", की परत बाहेर.

कस्टमर केअरचं एकच पालुपद. "सर, नेट चल रहा है ना? फिर हमारी तरफ से क्लियर है." राउटर बंद करून चालू करा म्हणे. केला. दोनदा केला.

एक वाजता दोन्ही पत्ते कागदावर एकाखाली एक लिहिले. लॅपटॉप १९२.१६८.१.७, डेस्कटॉप १९२.१६८.०.१०४. तिसरा आकडा वेगळा! घरातल्या एका नेटवर्कात तो सारखा हवा. आत रेंज येत नाही म्हणून नेटवाल्याच्या माणसाने गेल्या महिन्यात दुसरा राउटर बसवला. तो अ‍ॅक्सेस पॉइंट करायचा, म्हणजे त्याने पहिल्याच नेटवर्कची रेंज वाढवली असती; ते सोडून वायर सरळ वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या) खुपसली आणि पैसे घेऊन गेला. झालं, आतल्या खोलीचं नेटवर्कच वेगळं. आतून बाहेर जाता येतं, म्हणून नेट झकास. बाहेरून आत यायला वाटच नाही. वर दोन्ही वायफायना नाव एक, पासवर्ड एक! कळायचं कसं माणसाला?

दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद केलं, वायर लॅन पोर्टात (घरातल्या मशीन जोडायच्या) घातली, डेस्कटॉपला नवा पत्ता मिळाला. लागला एकदाचा. तर आता लॉगिन चुकीचं! पिन रोजचाच, अगदी बरोबर. पण पिन त्या मशीनसमोर बसलं तरच चालतो, लांबून खात्याचा पासवर्डच लागतो. मग तसं लिहा ना. चुकीचं काय म्हणता?

माझं डोकं फिरलंय ते यासाठी. लॅपटॉपला स्वतःचा पत्ता ठाऊक होता, मी टाकलेला पत्ता समोर होता. तो आपल्या नेटवर्कातला नाही, हे त्याला पहिल्या क्षणी कळलं होतं, म्हणूनच त्याने निरोप राउटरकडे ढकलला. तेवढी एक ओळ स्क्रीनवर दाखवायला काय जात होतं? साडेदहालाच मी वायर बदलली असती.

सकाळी बाबांच्या डोळ्यांत थेंब घालत होतो, तर विचारतात, "रात्रभर कसल्या येरझाऱ्या घालत होतास रे?"