भारहीन अवस्थेत वाद्ये वाजत नाहीत, हा दावा कुठे चुकतो

‘अंतराळात संगीत अशक्य आहे’ अशा आशयाचा एक संदेश पुन्हापुन्हा पुढे पाठवला जातो. त्यातले मुद्दे चार आहेत: अंतराळात हवा नसल्यामुळे आवाज होत नाही, छेडलेली तार गुरुत्वाकर्षणामुळेच मूळ जागी परतते, म्हणून ते नसेल तर ती कंप पावणार नाही, बासरीत फुंक मारताच वादक अग्निबाणासारखा मागे फेकला जाईल, आणि म्हणून अंतराळवीरांच्या वादनाच्या चित्रफिती जमिनीवर चित्रित करून त्यांना मागाहून आवाज जोडलेला आहे. गुरुत्व आणि वादन यांचा काहीतरी संबंध असला पाहिजे, हे संदेश लिहिणाऱ्याला जाणवले आहे, आणि तसा संबंध खरोखरच आहे. फक्त त्याने तो भलत्याच जागी शोधला.

हवेचा मुद्दा लवकर निकालात निघतो. वादन निर्वातात होत नाही, यानाच्या आत होते, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या हवेचा दाब व तिच्यातले ऑक्सिजनचे प्रमाण जवळजवळ समुद्रसपाटीवरच्यासारखेच राखलेले असते. 1960 च्या दशकातल्या अमेरिकेच्या जेमिनी यानांत मात्र शुद्ध ऑक्सिजन, तोही सुमारे एक तृतीयांश वातावरणदाबाला, भरलेला असे. तिथे बासरी नेली असती तर ती खरोखरच उतरली असती, कारण ऑक्सिजनचा रेणू हवेतल्या सरासरी रेणूपेक्षा जड असल्यामुळे त्यात ध्वनी सुमारे 5 टक्के सावकाश जातो आणि हवेच्या स्तंभावर चालणारे वाद्य जवळजवळ एक अर्धस्वर खाली बोलते. हा फरक वायूमुळे पडतो. गुरुत्वाचा त्यात काहीही हात नाही.

तारेबद्दलचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण झोपाळा आणि लंबक यांच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे. लंबकाला मध्यावर परत आणते ते गुरुत्वच, म्हणून लंबकाचा मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठेक्याने टिकटिकणारे तालयंत्र, स्थानकावर ताल धरू शकणार नाही. तारेला परत आणतो तो मात्र तिचा ताण. तारेची कंपनसंख्या तिची लांबी, तिचा ताण आणि दर मीटरमागे तिचे वस्तुमान या तीन गोष्टींवर ठरते आणि त्या सूत्रात गुरुत्व कुठेच येत नाही. गिटारच्या सर्वांत जाड तारेचे उदाहरण घ्या. तिच्यावरचा ताण साधारण 100 न्यूटन, म्हणजे तिला सुमारे 10 किलोचे वजन टांगल्यावर जितका असेल तितका असतो, आणि दोन टोकांमधल्या तारेचे स्वतःचे वजन जेमतेम पाच-सात ग्रॅम भरते. अशा ओढाताणीत गुरुत्वाचा वाटा कितीसा असणार? याची परीक्षा घरबसल्याही करता येते. गिटार नेहमीसारखी मांडीवर धरून एक तार छेडावी, मग गिटार पालथी धरून आणि नंतर सरळ उभी धरून तीच तार छेडावी. तारेच्या दृष्टीने गुरुत्वाची दिशा प्रत्येक वेळी बदलते, तरी कानाला कळेल इतका फरक स्वरात पडत नाही. गुरुत्वावर स्वर ठरत असता, तर प्रत्येक वादकाला बसण्याची ढब बदलली की तारा नव्याने जुळवाव्या लागल्या असत्या.

फुंकीच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण प्रमाण पार चुकले आहे. अमेरिकी अंतराळवीर एलेन ओचोआ यांनी 1993 मध्ये डिस्कव्हरी यानात बासरी वाजवली, आणि बासरीतून बाहेर पडणाऱ्या हवेच्या अल्प बलानेही आपण केबिनमध्ये सरकलो असतो म्हणून पाय जमिनीवरच्या पट्ट्यांत अडकवून ठेवले होते, असे त्यांनीच सांगितले आहे. ते बल किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. सेकंदाला पाव-तृतीयांश लिटर हवा सुमारे 30 मीटर वेगाने बाहेर पडते असे धरले, तर बल एका न्यूटनच्या शंभराव्या भागाइतके येते. त्याने 60 किलोची व्यक्ती पूर्ण मिनिटभरात फूटभर सरकेल. वादनात व्यत्यय यायला एवढे सरकणे पुरेसे आहे, पण त्याला अग्निबाण म्हणता येत नाही.

गुरुत्व खरोखर कामाला येते ते वादकाच्या शरीरात आणि काही वाद्यांच्या परतीच्या यंत्रणेत. कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांनी सांगितले आहे की, स्थानकावर सुरुवातीला डावा हात गिटारच्या नेमक्या पडद्यावर पडत नसे, कारण वर्षानुवर्षांची सवय हाताचे वजन गृहीत धरून बसलेली असते. व्हायोलिनवादक गजावर हाताचा भार टाकून नाद भरीव करतो. तिथे तो भार उरत नाही आणि सगळा दाब स्नायूंनीच द्यावा लागतो. ग्रँड पियानो हे तर याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. कळ दाबली की हातोडी खालून वर उडते, तारेवर आदळते आणि मुख्यतः स्वतःच्या वजनाने खाली येते. तार थांबवणारा फेल्टचा डॅम्परही बहुतांशी आपल्या वजनानेच तारेवर टेकतो. भारहीन अवस्थेत पहिला स्वर उमटेल, पण तो वेळेवर थांबणार नाही, आणि हातोडी जागेवर नीट न बसल्याने तोच स्वर झपाट्याने पुन्हा वाजवणे अवघड होईल. हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या कळवाद्याची स्थिती आणखी बिकट, कारण त्यात तार छेडणारी पट्टी वजनाने खाली पडल्याशिवाय दुसऱ्यांदा छेडताच येत नाही. उलट, हार्मोनियम आणि अकॉर्डियन यांच्या पट्ट्या स्प्रिंगने परततात, म्हणून तिथे ही अडचण नाही. संदेशाने तारेऐवजी पियानोच्या हातोडीचे नाव घेतले असते, तर मी या मुद्द्याला मान डोलावली असती.

राहिला बनावट चित्रफितींचा आरोप. आवाज जोडला जातो, हे काही वेळा खरे आहे, आणि ते कोणी लपवलेलेही नाही. हॅडफिल्ड यांच्या ‘स्पेस ऑडिटी’ या गाण्याच्या 2013 च्या प्रसिद्ध चित्रफितीत गायन आणि गिटार स्थानकावरचे होते, तर पियानो आणि इतर साथ जमिनीवर तयार केलेली होती. 2011 मध्ये अंतराळवीर कॅडी कोलमन यांनी स्थानकावर आणि जेथ्रो टल या रॉक बँडचे बासरीवादक इयन अँडरसन यांनी पृथ्वीवर वाजवलेली बासरी एकत्र जोडून युगुलवादन तयार झाले. पण साथ जमिनीवरची असल्याने मूळ वादन खोटे ठरत नाही. कोलमन यांच्या चित्रफितीत त्यांचे लांब केस सर्व दिशांना पसरून तसेच राहतात. जमिनीवर असे होत नाही. विमानाच्या विशिष्ट झेपेत भारहीनता मिळते, पण ती एका वेळी 20-25 सेकंदच टिकते, त्यामुळे त्याहून लांब सलग वादन तिथे चित्रित करता येत नाही.

शिवाय अंतराळातले पहिले वादन मागाहून आवाज जोडण्याची सोय नसलेल्या मार्गाने, थेट रेडिओवरून, जमिनीवर ऐकले गेले. 16 डिसेंबर 1965 रोजी जेमिनी-6ए यानातून वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी एक अनोळखी यान दिसत असल्याची वर्दी थट्टेने नियंत्रण कक्षाला दिली आणि पाठोपाठ नाताळची सुरावट सुरू केली. शिरा यांच्याकडे बोटाएवढा माऊथ ऑर्गन होता आणि स्टॅफर्ड यांच्या हातात छोटे घुंगरू होते. माऊथ ऑर्गनचा स्वर धातूच्या पातळ पट्टीच्या कंपनावर ठरतो, म्हणून शुद्ध ऑक्सिजनच्या त्या केबिनमध्येही तो ओळखीचाच वाटला. तो माऊथ ऑर्गन आणि ते घुंगरू आज स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.