लांबून बघणाऱ्यांची बाजू

"टीव्हीवर भजी बघून पोट भरतंय का बे?" सोलापूरच्या गाणंवेड्या मंडळींत सध्या एक वाद पेटलाय आणि त्यात सर्वांत जास्त टाळ्या या वाक्याला पडल्या. वाद एवढाच, की काही पोरांना लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या पुनर्मीलनाची फिल्म, 'सेलिब्रेशन डे', एखाद्या हॉलमध्ये तिकीट लावून दाखवायची आहे. विरोधकांचं म्हणणं तीन प्रकारचं: पडद्यावरचं गाणं म्हणजे गाणंच नव्हे, ऑर्केस्ट्रा आणा, सत्तरीतल्या म्हाताऱ्यांचा धांगडधिंगा कोण बघणार, आणि मोबाईलवर फुकट मिळतंय तर तिकीट कशाला. या तिन्हींवर इकडून, म्हणजे इंग्लंडातल्या शेफिल्डहून, माझ्यासारखं कोणी काही बोललं, की चौथं ठरलेलं उत्तर येतं, "तुम्ही तिकडंच राहा मालक, इथलं आम्ही बघतो."

आधी सत्तरीचं घेऊ. कार्यक्रम झाला लंडनच्या ओटू अरेनात, 10 डिसेंबर 2007 रोजी. गिटारवाला जिमी पेज तेव्हा 63 वर्षांचा, बेस आणि कीबोर्डवाला जॉन पॉल जोन्स 61, गायक रॉबर्ट प्लँट 59. ड्रमवर बसलेला जेसन बोनम तर 41 वर्षांचा. त्याचा बाप जॉन बोनम 1980 मध्ये गेला आणि बँड तिथेच थांबला, म्हणून मुलगा बापाच्या जागी. मूळ तारीख नोव्हेंबरातली होती, पेजचं बोट मोडलं म्हणून पुढे गेली. त्याच 2007 साली पंडित भीमसेन जोशी सवाई गंधर्वमध्ये गायला बसले तेव्हा 85 वर्षांचे होते. तेव्हा कुणी वय काढलं नाही. तिथे तपश्चर्या आणि इथे धांगडधिंगा, हा हिशेब मला कळत नाही.

आता पडद्याचं. न्यूयॉर्कची मेट्रोपॉलिटन ऑपेरा डिसेंबर 2006 पासून सिनेमागृहांत थेट दाखवली जाते, लंडनच्या नॅशनल थिएटरची नाटकं 2009 पासून. शेफिल्डमध्ये अशा खेळाला गुरुवारी संध्याकाळीही ओडियन सिनेमागृहात पांढऱ्या डोक्यांच्या रांगा असतात आणि हे खरं नाटक की खोटं, असा प्रश्न कुणाला पडत नाही. 'सेलिब्रेशन डे'सुद्धा ऑक्टोबर 2012 मध्ये आधी सिनेमागृहांत आली, डिस्क नंतर. त्या रात्री हॉलमध्ये असलेल्यांपैकी निम्म्यांना पेजची बोटं दिसली नसतील, मागच्या रांगांना माणूस अंगठ्याएवढा दिसतो. फिल्ममध्ये 'काश्मीर' हे गाणं चालू असताना जोन्सचे हात कीबोर्डवर आणि पाय बेसच्या (खालच्या सुरांच्या) पेडलांवर एकाच वेळी चाललेले दिसतात. बेस वाजवणारा वेगळा माणूस स्टेजवर नाही, हे तिथे लक्षात येतं. त्याच गाण्यात गिटारची सुरावट तीनच्या आवर्तनात आणि ड्रम चारच्या. दोघं बारा मात्रांनी समेवर भेटतात. ज्याने घरी तबल्याचा ठेका ऐकलाय त्या सोलापूरकराला हे इंग्रजांच्या आधी कळेल, त्याला फक्त ते धड दिसलं आणि ऐकू आलं पाहिजे.

खरी मेख तिथे आहे. फुकट मोबाईलवर बघणाऱ्याला बेस ऐकूच येत नाही, कारण फोनच्या स्पीकरमधून खालचे सूर बाहेरच पडत नाहीत. जोन्सचे पाय दिसतील, वाजतील ते नाहीत. पण वाईट हॉलमध्ये दाखवली तर विरोधक बरोबर ठरतील, हेही कबूल. म्हणून वाद घालण्यापेक्षा पुढचं बघा.

पहिलं काम परवानगीचं. घरी बघायची ब्लू-रे तिकीट लावून दाखवता येत नाही, सार्वजनिक खेळाचा हक्क मालकाकडून वेगळा घ्यावा लागतो. नेहमीच्या सिनेमागृहात लावायची असेल तर फिल्म डिजिटल पॅकेजच्या रूपात येते आणि ते उघडणारी डिजिटल किल्ली वेगळी. ती किल्ली एकाच सर्व्हरसाठी (फिल्म चालवणाऱ्या यंत्रासाठी) आणि ठराविक तारखा-वेळांपुरती बनलेली असते. ऐन वेळी थिएटरवाल्याने सर्व्हर बदलला, दुसऱ्या स्क्रीनला हलवलं किंवा खेळ उशिरा सुरू झाला, की पडदा काळा. आदल्या दिवशी पहिली पाच मिनिटं चालवून बघायची, याला पर्याय नाही.

साध्या सभागृहात प्रोजेक्टर लावणार असाल तर चार मीटर रुंद पडद्याला प्रत्यक्षात पंधराशे ल्युमेन (उजेडाचं माप) पडद्यावर पोचले पाहिजेत. खोक्यावरचा आकडा प्रोजेक्टर सर्वांत हिरवट, भडक रंगांत चालवून काढलेला असतो. सिनेमाच्या रंगांत त्याचा निम्मा धरा. म्हणजे तीन हजारांच्या वरचा घ्या आणि खिडक्यांना काळं कापड लावा. मे महिन्यात सोलापुरात दुपारचा खेळ ठेवू नका. बेचाळीस अंशांत धुळीने जाळी तुंबलेला प्रोजेक्टर तासाभरात स्वतःला बंद करतो. जाळी आदल्या दिवशी काढून ब्रशने झाडायची, आणि हलती चित्रं गुळगुळीत करणारी सोय बंद करायची, नाहीतर प्लँट टीव्ही मालिकेतल्यासारखा दिसतो.

आवाजात माणसं सर्वांत जास्त चुकतात. डिस्कवर सहा चॅनेलचा आवाज असतो. दोन चॅनेलच्या मिक्सरला तो तसाच दिला आणि फक्त डावा-उजवा जोडला, तर मधला चॅनेल हरवतो. मधल्या चॅनेलवर सहसा गाणाऱ्याचा आवाज असतो. ड्रम दणाणतात, गिटार वाजते आणि प्लँट नुसता तोंड हलवतो. मग लोक म्हणतात, फिल्मच खराब. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टिरिओ पीसीएम निवडा, म्हणजे प्लेअर सहाचे दोन स्वतः करतो. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज दाबणारी 'नाइट मोड' बंद ठेवा. सहा स्पीकर नीट लावता येत नसतील तर दोन चांगले आणि एक सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) पुरे. मागच्या भिंतीला टांगलेले भाड्याचे डबे नकोत.

आवाज आणि चित्राचा मेळ ड्रमवाल्यावर बघायचा. ओठांवर चूक चटकन कळत नाही, काठीवर कळते. प्रोजेक्टर चित्र थोडं उशिरा दाखवतो, तितका आवाजही उशिरा सोडावा लागतो. उलट आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे वीस मीटर मागे बसलेल्याला तो साठेक मिलिसेकंद उशिरा पोचतो. पहिल्या रांगेत बसून मेळ घातला तर शेवटची रांग बोंबलते. मधल्या रांगेत बसून घाला.

स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची घूंऽऽ येत असेल तर प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या भिंतींच्या प्लगांना लागलेत असं समजा. सगळं एकाच जागेवरून घ्या, तरी घूं राहिली तर मध्ये डीआय बॉक्स (सिग्नलची वायर विजेच्या दृष्टीने तोडणारा छोटा डबा) टाका. अर्थिंगची पिन कापणारा इलेक्ट्रिशियन भेटेलच, त्याला चहा पाजून घरी पाठवा.

आणि घुमणारा हॉल. वीस मीटर लांब हॉलमध्ये मागच्या भिंतीवर आपटून आवाज पुढच्या रांगेत शंभर मिलिसेकंदांनंतर परत येतो, प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. याचं औषध जगात इतर गावांना विकत आणावं लागतं, तुमच्या गावात ते विणलं जातं. सोलापुरी चादर जाड आहे, सुती आहे, जड आहे. दहा मीटर रुंद, चार मीटर उंच भिंतीला ताणून लावल्या तर सिंगल चादरी बारा लागतील, चुण्या पाडून लावल्या तर वीस-बावीस, आणि चुण्या पाडूनच लावा. भिंतीला चिकटवू नका, दहा सेंटिमीटर सोडून तारेवर टांगा. त्या अंतराने साधारण हजार हर्ट्झ आणि त्याच्या वरचा आवाज मरतो. बेस मरत नाही; शंभर हर्ट्झसाठी भिंतीपासून जवळजवळ एक मीटर अंतर लागेल. त्याला चादर नाही, सबवूफर कोपऱ्यातून बाहेर ओढणं हाच इलाज. कापूस पेटतो, तेव्हा हॅलोजनपासून लांब आणि बाहेर पडायच्या दारांवर एकही नको.

किती मोठ्याने? मधल्या खुर्चीत सरासरी 85 डेसिबलच्या आसपास भरपूर झालं, दोन तास कानांना त्याहून जास्त त्रास कशाला. इथे विरोधकांमधले काही मला हसवतात. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीपुढे छाती हादरवून घेणारे या फिल्मला गोंगाट म्हणतात. आपला नियम 2000 सालचा आहे: सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसरासाठी ठरवलेल्या पातळीपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75, यातलं जे कमी असेल ते, आणि रात्री दहानंतर उघड्यावर सहसा बंद. ब्रिटनच्या शहरी स्टेडियममधल्या मोजक्या वार्षिक कार्यक्रमांसाठीची 1995 सालची शिफारसही घरांपाशी 75 चीच होती. फरक इतकाच की इकडे कौन्सिलचा माणूस मीटर घेऊन उभा असतो. लंडनच्या हाइड पार्कात जुलै 2012 मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गात होते, वेळ संपली आणि आवाज बंद केला गेला. मॅकार्टनीचा. सोलापुरात मंडळाच्या अध्यक्षाचा कोणी करून दाखवा.

हे लिहिताना कॉलर ताठ होते, हे मला माहीत आहे. ओडियनच्या त्या रांगांबद्दल एक गोष्ट मी वर गाळली. तिथे कोणी कुणाशी बोलत नाही. खेळ संपतो, लोक कोट चढवतात, सुपरट्रामच्या थांब्याकडे चालू लागतात. 'काश्मीर' लिहिणारे काश्मीरला गेलेच नव्हते, शब्द मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचले, यावर भांडायला शेजारच्या खुर्चीत कुणी नसतं. भांडण होतं ते तुमच्याकडे, आणि त्यात भाग घेतला की "तिकडंच राहा".

ते लागतं, कारण ते पूर्ण खोटं नाही. पडद्यावरचं खरं नसेल तर आम्ही बाहेरगावचे लोक गेली कित्येक वर्षं काय करतोय? जानेवारीत सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेली गर्दी दिसते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि इकडे धड उजाडलेलंही नसतं. यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण अर्धा मिनिट मागे चालतं, त्यामुळे फोनवर घरचे "पडल्या बघ अक्षता" म्हणतात तेव्हा पडद्यावर अजून हात वर झालेले नसतात. हा मेळ कुठल्याही सेटिंगने जुळत नाही. तरी बघतो, हात जोडतो. भजीचा दाखला देणाऱ्या अण्णांनी हेही पोट न भरणारं म्हणावं. फिल्मच्या बाजूने मी इतका का तावातावाने बोलतो, ते मग त्यांना आपोआप समजेल.

आता मध्यंतराचं. फिल्म दोन तासांहून थोडी मोठी आहे, सोळा गाणी, आणि इकडे ती सलग दाखवतात. तुम्ही तसं करू नका. नववं गाणं, 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू', संपलं की थांबवा. त्यानंतर पेज व्हायोलिनचा गज घेऊन गिटार वाजवतो, तो भाग ताज्या कानांनी ऐकायचा आहे. चहा दहा मिनिटांत आटपणार नाही, वीस ठेवा, कारण तोवर कुणीतरी बापापेक्षा पोरगा बरा वाजवतो असं म्हणालेला असेल. आणि चहावाल्याला हॉलच्या आत किटली आणू देऊ नका, मिक्सर दारापाशीच असतो.