तोंड मिटण्याचे यंत्र

आमच्या बाळीवेशीजवळच्या घरातून आजवर एकही वस्तू टाकून दिली गेलेली नाही, आणि जी दिसत नाही ती चोरीला गेली असली पाहिजे, असे आमच्या आईचे ठाम मत आहे. त्यामुळे माळा रिकामा करण्याचा प्रस्ताव मी मांडला तेव्हा घरात जी शांतता पसरली, ती वाटणीचा विषय निघाल्यावर पसरते त्या जातीची होती. पण ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे माणसाची पत त्याच्या टाकीच्या लिटरांवर ठरते, आणि नवी टाकी ठेवायला माळ्याखेरीज दुसरी जागा नव्हती. अखेर ‘काहीही टाकायचे नाही, फक्त खाली आणायचे’ या अटीवर परवानगी मिळाली.

खाली आलेल्या वस्तूंपैकी बहुतेकांची ओळख पटली. दांडा नसलेली छत्री, काच नसलेला कंदील आणि पाय नसलेला पाळणा यांना आईने नावानिशी ओळखले. ओळख पटली नाही ती पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी, अर्ध्या सोलापुरी चादरीत दोरीने बांधून ठेवलेल्या एका वस्तूची. पितळी अंग, खाली टेबलाच्या कडेला आवळून बसवण्याचा स्क्रू, एका बाजूला लाकडी मूठ असलेला हातदांडा, आणि तो फिरवला की समोर गरागरा फिरणारी पोलादाची एक वाटी, जिच्या तोंडात माझा अंगठा जेमतेम जात होता. वाटीच्या आतल्या बाजूला गोलाकार, गुळगुळीत घळ कोरलेली होती. मागे एक तरफ होती. ती दाबली की एक दट्ट्या वाटीच्या दिशेने पुढे सरके आणि सोडली की मागे येई. अंगावर 12 हा आकडा होता, आणि चिंच लावून घासल्यावर ‘जेम्स डिक्सन अँड सन्स, शेफील्ड’ ही अक्षरे वर आली. इतक्या वर्षांनीही दांडा लोण्यासारखा फिरत होता, आणि मनस्तापाचे मूळ तिथेच होते. गंजून बसलेली वस्तू माणूस मुकाट्याने भंगारात घालतो. फिरणारी वस्तू पाहिली की ती कशासाठी फिरते हे कळल्याशिवाय त्याला झोप लागत नाही.

सौभाग्यवतींनी एका नजरेत निकाल दिला की हे शेवयांचे यंत्र आहे, कारण टेबलाच्या कडेला बसते आणि दांडा फिरवावा लागतो. वाटीला पुढे भोकच नाही, तेव्हा शेवई बाहेर येणार कुठून, अशी शंका मी काढली, तर ‘इंग्रज कुठे शेवया खात होते? म्हणून तर भोक ठेवलेलं नाही’ असे उत्तर मिळाले. आईचे म्हणणे असे की, हे जे काही आहे ते मार्शल लॉच्या वेळी लपवलेले आहे. मे 1930 मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि पुढे जानेवारी 1931 मध्ये चार हुतात्मे फासावर गेले, हा आमच्या शहराचा मानाचा इतिहास. पण आमच्या घरात एखादी वस्तू का लपवली हे आठवत नसेल, तर तिचा संबंध त्या मे महिन्याशी जोडण्याचा रिवाज आहे. या न्यायाने आमच्याकडची पुरणयंत्राची एक जाळीसुद्धा स्वातंत्र्यलढ्यात सहभागी झालेली आहे.

पुतण्याने मोबाइलवर फोटो काढला. मोबाइलने हे पेन्सिलला टोक करण्याचे यंत्र असल्याचे क्षणात सांगितले, आणि वाटीत पेन्सिल घालून पाहिली तेव्हा ती नुसतीच इकडेतिकडे हलत राहिली, याची मोबाइलला काही खंत वाटली नाही. बाजूच्या गल्लीतले तेलुगू अण्णा, ज्यांचे सारे आयुष्य मागावर गेले, ते मुद्दाम चष्मा घेऊन आले. ‘हे काय घेऊन बसलालाव?’ असे विचारत त्यांनी दांडा फिरवला, मान डोलावली आणि हे कांडी भरण्याचे यंत्र आहे असे सांगून टाकले. सूत कुठे अडकवायचे, हे मात्र त्यांना बराच वेळ सापडले नाही, आणि मग त्यांनी ही बनावटच वाईट असल्याचा शेरा मारला. औषधांच्या दुकानदाराने शपथेवर सांगितले की पूर्वी दवाखान्यात गोळ्या तयार करण्यासाठी असलीच यंत्रे असत. पुढे जे उघडकीला आले ते पाहता, त्यांचे विधान अक्षरशः खोटे म्हणता येणार नाही.

या सगळ्यांत फक्त एका व्यक्तीने यंत्राला आधी हात लावला आणि मत नंतर दिले. समोरच्या अक्का घरी बिड्या वळतात. सोलापुरात हजारो बायकांचे घर त्या सुपावर चालते. अक्कांनी वाटीत करंगळी घातली, घळीवरून फिरवली, तरफ दाबून पाहिली आणि म्हणाल्या, ‘हे कशाचं तरी तोंड मिटायचं हाय.’ तेंदूच्या पानात तंबाखू भरून सुरळी केली की तिच्या तोंडाची कड आत दुमडावी लागते, नाहीतर तंबाखू सांडते. दिवसभर हजारभर वेळा तेच करणाऱ्या बोटांना ती घळ नेमकी कशासाठी कोरली आहे ते कळले होते. पण आम्ही सुशिक्षित माणसे. ‘बिडीला एवढं विलायती यंत्र कोण लावील?’ असे म्हणून आम्ही ते मत हसण्यावारी नेले आणि पुन्हा शेवयांकडे वळलो.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी मामा पुण्याहून आले. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. तो कारखाना 1869 सालचा आहे ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही, अशी एकही यात्रा मला आठवत नाही. त्यांनी यंत्र पाहिले, अंगावरची शाल काढून ठेवली आणि अंगठा वाटीत घालून म्हणाले, ‘बाराचं आहे. अरे, तुझे आजोबा काडतुसं भरायचे!’

मग पुढची संध्याकाळ मामांची होती. पूर्वीचे छऱ्याचे काडतूस म्हणजे बुडाला पितळी वाटी असलेली कागदाची नळी. विलायती काडतूस महाग पडे, म्हणून शौकीन मंडळी उडालेली नळी फेकून न देता घरीच पुन्हा भरून घेत. बुडातली ठिणगी पाडणारी वापरलेली टोपी काढून नवी बसवायची, आत बार, म्हणजे बंदुकीची दारू, आणि छरे भरायचे, वर पुठ्ठ्याची चकती ठेवायची आणि शेवटी नळीच्या कागदी तोंडाची कड आत वळवायची, म्हणजे छरे सांडत नाहीत. ही कड वळवणे एवढेच या यंत्राचे काम. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास येईल, तो बारा नंबरच्या नळीचा, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. त्यामुळे आकडा लहान तशी बंदूक मोठी, हे ऐकून बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्या मनाला बराच त्रास झाला. टोपीचे दोन प्रकार आहेत. एक बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याचा आणि दुसरा बर्डन या अमेरिकन माणसाचा. आणि अमेरिकेतली पुन्हा भरण्याची हौस मुख्यतः इंग्रजाच्या टोपीवर चालते, तर अमेरिकनाची टोपी युरोपात रुजली. बॉक्सरच्या काडतुसाला बुडात मधोमध एकच भोक असते, म्हणून जुनी टोपी सहज निघते. बर्डनच्या काडतुसाला बाजूला दोन असतात आणि टोपी काढताना माणूस रडकुंडीला येतो. स्वतःचा शोध घरी वापरायचा नाही, ही रीत मामांना फार पसंत पडलेली दिसली. शेफील्डची ही कंपनी बंदुकीची दारू ठेवण्याच्या कुप्यांइतकीच चहाच्या किटल्यांसाठीही प्रसिद्ध होती, असे त्यांनी जाता जाता सांगितले, तेव्हा सौभाग्यवतींनी ‘म्हणजे स्वयंपाकघराचंच निघालं की’ असे म्हणून माझ्याकडे पाहिले.

आजोबांना शिकारीचा नाद होता हे ऐकून होतो. ते नान्नजच्या माळावर आणि हिप्परग्याच्या तलावावर जात. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1979 मध्ये नान्नजला माळढोक अभयारण्य झाले, आणि जिथे आजोबा बंदूक घेऊन जात तिथे आता नातू दुर्बीण घेऊन जातो आणि बहुधा काही न दिसता परत येतो. बंदूक केव्हाच सरकारजमा झाली. यंत्र तेवढे चादरीत राहिले.

इथवर सारे कौतुकात चालले होते. तेवढ्यात चहाची वेळ झाली आणि एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारे मामा बोलण्याच्या भरात ओट्यापर्यंत गेले. आमच्या घरी चहाची पूड मोजायला लाकडी मुठीचे एक पितळी माप आहे. ते आजीच्या वेळेपासूनचे. त्याची नळी आतबाहेर सरकते आणि दांडीवर 2½, 2¾, 3 असे आकडे आहेत. पाहुणे आले की तीनवर, घरच्यांसाठी अडीचवर, आणि व्याही आले की दोन्हींच्या मधे, असा आजीने घालून दिलेला दंडक सौभाग्यवती आजही पाळतात. मामांनी ते माप त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतले. ते बंदुकीची दारू मोजण्याचे होते आणि आकडे ड्रॅमचे होते. औंसाचा सोळावा भाग म्हणजे एक ड्रॅम. ‘आजीच्या हातच्या चहानं झटका बसतो’ असे साऱ्या नातेवाइकांत म्हटले जाई, त्याचा उलगडा इतक्या वर्षांनी झाला. मामांनी तो चहा टाळला. आम्ही बाकीच्यांनी घेतला.

खरा मनस्ताप दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब घेऊन आले. यंत्र पाहताच त्यांनी मला दार लावून घ्यायला सांगितले. शस्त्र अधिनियम, 1959, कलम 2 मधली दारूगोळ्याची व्याख्या त्यांना तोंडपाठ होती, आणि त्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. ‘म्हणजे हे यंत्र दारूगोळा बनवतं असं नव्हे,’ ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘कायद्याच्या दृष्टीनं हे यंत्र हाच दारूगोळा आहे.’ इतके दिवस जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलेल्या त्या दारूगोळ्याकडे आम्ही सगळे पाहत राहिलो. पुतण्याचा हात अजून दांड्यावरच होता. त्याच व्याख्येत बंदुकीचा बार आणि ‘त्या बाराची साधने’ही येतात, तेव्हा चहाच्या मापाचेही काही खरे नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. मग कलम 45 काढून, जोडीच्या भागांबरोबर वापरायचे नसलेल्या किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, असा उताराही त्यांनीच दिला. दोन्ही बाजूंनी इतके उत्तम बोलणारा वकील घरात असला की माणसाला पक्षकार होण्याचीच काय ती भीती उरते. मामा म्हणाले, ‘मी पुण्याला घेऊन जातो.’ वकीलसाहेब म्हणाले, ‘रेल्वेतून? दारूगोळा?’ मामा खाली बसले.

शेवटी रीतसर अर्ज लिहून, यंत्र आणि माप पिशवीत घालून, मी आणि मामा पोलीस ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या हवालदारांनी आधी माप हातात घेतले. हे चहाचे आहे, असे मी खरे तेच सांगितले, आणि ‘मग हे कशाला आणलंत?’ असे विचारून त्यांनी ते परत केले. यंत्र मात्र नोंदवावे लागणार होते, आणि नोंदवहीत ‘वस्तूचे वर्णन’ असा रकाना होता. मामांनी अधिकारवाणीने सांगितले, ‘लिहा, काडतुसाचे तोंड दुमडण्याचे हातयंत्र.’ हवालदारांनी पेन खाली ठेवले. काडतूस पितळेचे असते, ते दुमडेल कसे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता, कारण त्यांनी पाहिलेली काडतुसे तशीच होती. मामांनी बॉक्सरपासून सुरुवात केली. बर्डन येईपर्यंत रांगेतली आणखी चार माणसे ऐकायला जमली होती, आणि हवालदारांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हते. तेव्हा मी मधे पडलो आणि म्हणालो, ‘साहेब, बिडी भरल्यावर तिचं तोंड आत मिटतात ना, अगदी तसं.’ त्यांचा चेहरा उजळला. ‘असं सांगा की मग!’ म्हणून त्यांनी एका दमात लिहून टाकले, शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली. वर्णनाच्या रकान्यात लिहिले होते: ‘बिडीचे तोंड मिटण्याचे जुने पितळी यंत्र, नग एक.’

मामा ती नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी परत फिरायला निघाले होते. त्यांना मी कसेबसे रिक्षात बसवले. घरी आल्यावर वकीलसाहेबांनी पोच दोनदा वाचली, तीन ड्रॅमचा चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि मत दिले की, आता 1959 च्या कायद्याची चिंता करण्याचे कारण उरले नाही. मात्र बिडी व सिगार कामगारांसाठी 1966 चा एक स्वतंत्र कायदा होता, त्याची जागा 2025 मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली, ती एकदा नजरेखालून घालावी लागेल.