खुलासा: अमेरिकी कारखानदार युरोपातून मजुरांना करार करूनच आणत होते का?

‘अमेरिकी कारखानदारांनी युरोपात करार करून, तिकीट काढून मजूर आणले आणि त्यावर शिकागोसारखी शहरं वाढली’ असा मजकूर फिरतो आहे. तो अर्धवट आहे. १८६४च्या कायद्याने असे करार मान्य केले होते. प्रवासखर्च फेडण्यासाठी जास्तीत जास्त १२ महिन्यांची मजुरी तारण ठेवता येई. तो कायदा १८६८मध्ये रद्द झाला. १८८५मध्ये तर आगाऊ करारावर बंदीच आली. दंड मजुरामागे १,००० डॉलर. गायक, नट, घरकामगार यांना सूट होती.

मग न्यूयॉर्कच्या बंदरात, येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी होई त्या एलिस बेटावर ‘काम ठरलंय का?’ हा प्रश्न सापळाच ठरे. ‘हो’ म्हटलं की अटकाव. ‘नाही’ म्हणायचं, पण धडधाकटही दिसायचं, नाहीतर ‘सरकारवर बोजा’ म्हणून परत.

पळवाटा होत्याच, इटालियन मुकादम तोंडी बोलीवर माणसं आणत. पण बहुतेक जण आले ते आधी गेलेल्या भावा-काकांच्या पत्रांवर आणि त्यांनीच तिकडून पाठवलेल्या तिकिटांवर. ‘शिकागोच्या कत्तलखान्यात कामाला जागा आहे’ एवढा निरोप पुरे. शिकागो १८७०मध्ये सुमारे ३ लाखांचं होतं, १९००मध्ये १७ लाखांचं.