१२५ ग्रॅम पाव

युद्धावरच्या कादंबऱ्यांबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की युद्धातल्या साध्या माणसांचं जगणं फक्त कादंबरीतच कळतं, इतिहासात नुसत्या तारखा आणि सेनापती. मला हे अर्धंच पटलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी रशियातल्या लेनिनग्राड शहराला घातलेल्या वेढ्यात १९४१च्या नोव्हेंबर-डिसेंबरात लहान मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा आणि तोही भेसळीचा, हे मी इतिहासाच्या पुस्तकातच वाचलं आणि त्याच रात्री उठून काट्यावर तेवढा पाव मोजून बघितला, चार स्लाइस भरले, बास, दिवसभराचं एवढंच! पुढचं पान उलटवेचना.

हां, पण तो पाव वाटताना आईच्या मनात काय चालत असेल, स्वतःचा तुकडा ती कुणाला देत असेल, तिथे कादंबरीच लागते, हे मान्य. फक्त लेखकाने आधी असले तपशील खणून काढलेले हवेत, नाहीतर युद्ध नुसतं प्रेमकथेचा पडदा होऊन बसतं, असली पुस्तकं मी अर्ध्यात सोडलीत. ब्रिटनमध्ये मास ऑब्झर्वेशन या लोकांच्या रोजच्या जगण्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने १९३९पासून साध्या लोकांकडून डायऱ्या लिहून घेतल्या, त्या जरूर वाचा. आणि युद्धानंतरच्या दिवसांवर पण कुणीतरी लिहा हो, ब्रिटनमधलं रेशनिंग पार १९५४ला संपलं.