शील्डिंगनंतरही हम येते, या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. दोन तारे देणं तुमचा हक्क आहे, पण त्यातल्या तीन मुद्द्यांवर बोलायलाच हवं, कारण हीच अडचण असलेले बरेच वादक तो वाचतील. तुमचं म्हणणं असं: शील्डिंगचे, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची टेप लावायचे, पैसे घेतले तरी गिटार हम करतेच (घुमल्यासारखा आवाज देतेच), केबल लावायच्या जॅकच्या खाचेत काळी चिकटपट्टी लावून काम उरकलं, आणि वर हम्बकर, म्हणजे हम खोडणारा दोन कॉइलचा पिकअप, गळ्यात मारायचा प्रयत्न केला.

तुम्ही गिटार आणलीत तेव्हा तिच्यात दोन वेगवेगळे आवाज होते. एक चरचरीत, कानाला टोचणारा. तारांवर हात ठेवला की तो कधी कमी व्हायचा, कधी नाही. दुसरा खालच्या पट्टीतला, सलग घुमणारा. हात ठेवा नाहीतर काढा, तेवढाच. चरचर येते ती भिंतीतलं वायरिंग, दिवे, चार्जर यांच्या विद्युत क्षेत्रामुळे. वाजवणाऱ्याचं शरीरही ते क्षेत्र अँटेनासारखं गोळा करतं आणि पिकअपपर्यंत (तारांखालच्या, त्यांची थरथर पकडणाऱ्या भागापर्यंत) आणून सोडतं. ग्राउंड केलेल्या तारांना हात लागला की शरीरही ग्राउंडला जोडलं जातं, म्हणून आवाज दबतो. हा आवाज कॉपर टेपने अडतो.

घुमणाऱ्या हमचं तसं नाही. मेन्सची वीज 50 हर्ट्झची, काही देशांत 60 ची. अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरभोवती त्याच गतीने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारेची थरथर तो ज्या तत्त्वाने पकडतो, त्याच तत्त्वाने ही हमही पकडतो. त्याला त्यात फरक कळत नाही. आणि इतक्या खालच्या फ्रीक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ टेपमधून जवळपास जसंच्या तसं पार होतं. एक थर लावा की चार, फरक पडत नाही. म्हणूनच काम हातात घेण्याआधी तुम्हाला हे सांगितलं आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'चरचर जाईल, हम राहील'. त्याची प्रत तुमच्याकडे आहे.

माझ्या शब्दावर जाऊ नका, घरी करून बघा. सगळी पेडल बाजूला काढून गिटार थेट अ‍ॅम्पला लावा, नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा) निवडा आणि उभे राहून जागच्या जागी हळूहळू फिरा. एका ठराविक कोनात हम जवळजवळ नाहीशी होईल आणि थोडं पुढे सरकलात की परत येईल. असं झालं तर ती हम चुंबकीय आहे. मग तारांवरचा हात काढा. त्या वेळी चरचर उसळली, तर शील्डिंगमध्ये काहीतरी सुटलं आहे आणि ते दुरुस्त करणं माझी जबाबदारी, पैसे न घेता. गिटार परत देताना हेच आपण दोघांनी मिळून तपासलं होतं आणि हात काढल्यावर चरचर आली नव्हती.

आता ती काळी पट्टी. जॅकमध्ये केबलचा प्लग शिरला की त्याच्या टोकाला टेकणारी, सिग्नल नेणारी टिपची पाती बाहेर ढकलली जाते. तुमच्या गिटारची खाच अरुंद आहे आणि तिच्या भिंती आता तांब्याने मढवून ग्राउंडला जोडल्या आहेत. पाती त्या भिंतीला टेकली की सिग्नल सरळ ग्राउंडला जातो आणि गिटार गप्प होते, ऐन कार्यक्रमात. तसं होऊ नये म्हणून तिथे इन्सुलेशन टेप आहे आणि ती काढू नका, ही कळकळीची विनंती. आतलं बाकीचं कामही बघा. कॉपर टेपच्या प्रत्येक जोडावर सोल्डरचा डाग दिला आहे, कारण टेपमागचा गोंद वीज वाहून नेईलच असं नसतं. ब्रिजखाली येणारी ग्राउंडची तार रंगाच्या थरावर नुसती टेकली होती, कधी जोडली जायची, कधी सुटायची. तिथला रंग खरवडून ती पक्की केली. चरचरीचं निम्मं मूळ तिथेच होतं.

राहिला हम्बकर. गिब्सन कंपनीत असताना सेठ लव्हर यांनी 1955 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 मध्ये ते मिळालं. दोन कॉइल, दोन्हींची चुंबकीय दिशा एकमेकींच्या उलट आणि जोडणीही उलट. त्यामुळे तारांचा सिग्नल एकत्र होऊन वाढतो आणि बाहेरून आलेली हम एकमेकींना खोडते. हम घालवायचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही, म्हणून विचारल्यावर तो सांगितला. पण सिंगल कॉइलची ती लखलखीत धार तुम्हाला हवी आहे हे कळताच 'मग तुम्ही हम्बकर लावू नका' हेही मीच म्हणालो होतो. खरं सांगायचं तर तुमचे पिकअप इतके गोड वाजतात की ते काढायला माझा हात धजावला नसता.

माझा सल्ला आजही तोच आहे. तुमच्या गिटारचे तिन्ही पिकअप एकाच दिशेचे आहेत. मधल्याच्या चुंबकांची दिशा उलटी करून त्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, जिथे मधला पिकअप शेजारच्याबरोबर वाजतो, हम खोडली जाते आणि आवाज बदलत नाही. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या जागी ती राहील. तिथेही नको असेल तर एकावर एक कॉइल असलेले पिकअप सिंगल कॉइलच्याच मापात मिळतात. माझ्या कानाला ते थोडे मऊ लागतात, पण तुम्ही ऐकून ठरवा.

तोवर अ‍ॅम्पपासून दोन-तीन पावलं लांब आणि जरा तिरके उभे राहा, डिमरचे दिवे बंद ठेवा. तुम्ही गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) भरपूर ठेवता, आणि त्यातून येणारं खरखरीत डिस्टॉर्शन स्वरांइतकीच हमही वर खेचतं. नॉइज गेट, म्हणजे हळू आवाज बंद करणारं पेडल, ती फक्त स्वरांच्या मधल्या शांततेत दाबतं, वाजत असताना ती आत असतेच.

पुढच्या वेळी गिटारबरोबर तुमचा अ‍ॅम्प, पेडल आणि पॉवर सप्लायही आणा. सगळी पेडल एकाच अ‍ॅडॅप्टरवर असतील तर थोडी हम तिथूनही येत असेल. एकेक काढून बघू आणि मधल्या पिकअपचं काय करायचं ते त्यानंतरच ठरवू. तपासणीचे पैसे घेणार नाही.

— वर्कशॉपचा मालक