सेसमधला मासा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पारशी सेसवरच्या, म्हणजे शुभकार्याला मांडायच्या तबकावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मासा ही नुसती नक्षी. कारागिराला जे येत होतं ते त्यानं ठोकलं, अर्थ तुम्ही घरबसल्या चिकटवता." मत वेगळं असू द्या, पण 'घरबसल्या' हा शब्द लागला. वीस वर्षं जुनी चांदी हाताळणाऱ्याशी बोलायची ही रीत नव्हे.

एक चूक मान्य. गुलाबपाण्याच्या भांड्याला मी गुलाबदाणी म्हटलं, पारशी घरात तो गुलाबाझ. दुरुस्त केलंय.

आता मासा. लग्नाला, नवजोतीला (मुलांच्या धर्मदीक्षेला) सेसचं तबक मांडतात. त्यात साखरेच्या डोंगरासारखा निमुळता सोपारो, कुंकवाची पिगानी, गुलाबाझ असतो आणि बऱ्याच घरी चांदीचा मासाही. त्याच घरी सणाला उंबऱ्याशी चुन्याच्या रांगोळीत मासा उमटतो, माव्याची 'बोई' ही मिठाई माशाच्याच आकाराची होते. चांदी, चुना, मावा, तिन्हीत एकच मासा आणि तिन्ही शुभकार्याला. याला नुसती नक्षी कसं म्हणता?

लखनौच्या पानदानावर जोडमासे दिसले तर मात्र मी लग्नाचं नाव काढणार नाही. ते अवधच्या नवाबीचं राजचिन्ह. भांडं कुठलं आणि कशासाठी, हे आधी बघायचं, अर्थ त्यानंतर. भूजचे चांदी-कारागीर ओमरसी मावजी यांच्या 'ओ. एम.' छापाच्या वेलबुट्टीला मी कुठेही अर्थ लावलेला नाही, लेख पुन्हा वाचा.

आणि "येत होतं ते ठोकलं"? पत्रा राळेवर बसवून मागून उठाव काढायचा, सोडवायचा, पालटून पुन्हा राळेवर घ्यायचा, मग पुढून बारीक छिन्नीनं एकेक खवला. मध्ये तापवून मऊ केला नाही तर ठोकून ताठ झालेला पत्रा चिरतो. इतकी मेहनत मागणारा मासा गिऱ्हाईक उगाच घडवून घेत नाही.



तुमच्या फोटोतल्या माशाचे खवले पुसट आहेत, त्याचा दोष कारागिराला देऊ नका. पावडरीनं घासून घासून ते झिजलेत. आता निदान त्याला खायचा सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या गरम पाण्यात बुडवू नका. खाचांतला काळेपणा गेला की उरलेला उठावही डोळ्यांना सपाट दिसतो. मऊ सुती फडक्यानं फक्त उंच भाग पुसा.